नाशिकच्या पश्चिमेचे शांत रस्ते : घळी, धरणांचे काठ आणि माळ

वाटसरू · २४ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. मी नाशिकचाच, वय ५६, नऊ वर्षांपासून नियमित सायकल चालवतो. मार्चमध्ये मुंबई हायवेवर विल्होळीच्या पुढे एक टेम्पो इतका खेटून गेला की त्याच्या फाळक्याची कड माझ्या कोपराला लागली. पडलो, कॉलरबोन मोडलं. टेम्पो थांबला नाही. सहा आठवडे हात गळ्यात. आता हाड जुळलंय, डॉक्टरांनी परवानगी दिलीय, पण मागून गाडीचा आवाज आला की खांदे आपोआप आखडतात. सायकल सोडायची नाही हे मात्र पडल्या जागीच ठरवलं होतं.

म्हणून विचारतोय. नाशिकहून निघून, हायवे टाळून, दिवसभर निवांत चालवता येईल असे रस्ते कोणते? वेग नको, सरासरी नको. मागे वळून बघावं लागणार नाही असा रस्ता हवा. वडील नोकरीनिमित्त काही वर्षं हरसूलला होते, त्यामुळे पश्चिमेकडची ओढ लहानपणापासूनची आहे. वाघेऱ्याच्या घाटात एसटी धुक्यात शिरली की कंडक्टर खिडक्या लावून घ्यायला सांगायचा आणि मी माझी थोडी उघडी ठेवायचो. ओल्या दगडाचा तो वास अजून नाकात आहे. नदीच्या घळी, धरणाचं पाणी, उघडा माळ असं सगळं एका फेरीत बसत असेल तर फारच उत्तम. एक दिवसाची फेरी सांगा, जमल्यास दोन दिवसांचीही. गणपती झाले की निघायचा विचार आहे.

गिरणारेकर · २४ ऑगस्ट, रात्री १०:१५

काका, आधी तब्येतीला जपा. तुम्ही ज्या रस्त्याची आठवण काढलीत तो आमच्या दारावरून जातो.

गंगापूर रोडने सरळ या. सोमेश्वर, गंगापूर गाव, गोवर्धन, मग गिरणारे. वीसेक किलोमीटर भरेल. शनिवार-रविवारी वायनरी आणि धरणाकडे जाणाऱ्या गाड्या असतात, पण त्या अलीकडेच वळतात. गिरणाऱ्याच्या पुढे रस्ता आमचाच असतो. फक्त वेळ सांभाळा. सकाळी सात-साडेसातला नाक्यावर मजुरांचा बाजार भरतो, पेठ-हरसूलकडची माणसं जीपा भरभरून येतात. दुपारनंतर टोमॅटोच्या पिकअप सुरू होतात आणि क्रेट उतरवून लवकर परतायची सगळ्यांना घाई असते. तेव्हा सकाळी सहाच्या आत गिरणारे ओलांडा. येताना या रस्त्याने येऊच नका, त्र्यंबककडून उतरा.

गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल, तिथून दक्षिणेला त्र्यंबक आणि मग नाशिक. पूर्ण फेरी शंभर-एकशेदहाची. हरसूल ते त्र्यंबक या पट्ट्यात मी पाऊण तासात तीन मोटारसायकली आणि एक एसटी मोजलीय, तीही बाजाराच्या दिवशी.

घाटमाथा · २५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

गिरणारेकरांशी पूर्ण सहमत. यात थोडी भर घालतो, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

वाटसरू, तुम्ही घळी म्हणालात. आपल्या सह्याद्रीत रस्ता घळीतून जात नाही, घळीच्या डोक्यावरून जातो. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून ४५ किलोमीटरवरच्या इगतपुरीत तो ३००० च्या पुढे जातो, आणि तेवढं सगळं पाणी चार महिन्यांत उतरतं. घळीच्या तळाला रस्ता बांधला तर पहिल्या श्रावणातच वाहून जाईल. म्हणून आपली वाट माळावरून, धरणाच्या काठाकाठाने चालते आणि मध्येच एकदम कड्याच्या टोकाला येऊन खाली दाखवते.

दगडाचंही कारण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. कठीण थर कड्यासारखा उभा राहिला, मऊ थर झिजून त्याची पायरी झाली. डेक्कन ट्रॅप या नावातला 'ट्रॅप' स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आलाय. हे सायकलवर पायांना बरोबर कळतं. मैलभर सपाट, मग दोन-तीन वळणांचा उभा चढ, परत सपाट. आल्प्ससारखा पंधरा किलोमीटरचा एकसलग चढ आपल्याकडे नाही, पण दिवसभर पायऱ्या चढल्याचा शीण येतो. चढ आला की घाबरून जोर लावू नका, वर माळ आहेच.

आता मुख्य गोष्ट. वाघेऱ्याचा घाट चढलात की माथ्यावर पाच मिनिटं उतरा. अलीकडच्या उतारावर पडलेलं पाणी काश्यपी धरणात, तिथून गंगापूर धरणात, आणि मग गोदावरीबरोबर देश ओलांडून बंगालच्या उपसागरात जातं. पलीकडच्या उतारावरचं पाणी दमणगंगेला मिळून दमणपाशी अरबी समुद्रात. गोदावरी १४६५ किलोमीटर चालते. तिच्या उगमापासून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. एका रस्त्याच्या दोन बाजूंच्या चरांतल्या पाण्याचं नशीब एवढं वेगळं असतं. मी दरवर्षी तिथे थांबतो आणि दरवर्षी मला ते नवं वाटतं.

उतरल्यावर हरसूलच्या बाजूचा मुलूख बघा. डावी-उजवीकडे नागली, वरई, मध्येच भाताची खाचरं आणि त्यांच्या पलीकडे जमीन अचानक संपलेली. तीच घळ. आवाज आधी येतो, पाणी नंतर दिसतं.

रँडो_६०० · २५ ऑगस्ट, दुपारी १:०५

काका, लवकर बरे झालात, छान. मी बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या करतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस तास अशी घड्याळाची सवय असलेला माणूस आहे, तरी सांगतो की वाघेरा-हरसूल हा घड्याळाचा रस्ता नाही. आपल्या नाशिकला लांब पल्ल्याचा वारसा मोठा आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. त्यानंतर शहरात सायकली किती वाढल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण त्या लाटेत आलेले बरेचजण फक्त हायवे ओळखतात, हे मला खटकतं.

सायकलबद्दल थोडं. टायर ३२ मिमीचे असतील तर बरं, आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा, ओल्या रस्त्यावर पकड राहते. गिअरमध्ये पुढे ३४ आणि मागे ३४ दात असले की पायडलच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी होते. घाटात तेवढं पुरतं, गुडघे वाचतात. रिम ब्रेक असतील तर ओली रिम पहिल्या फेऱ्यांत धरत नाही, आधी पाणी पुसलं जातं, मग ब्रेक लागतो. वळणाच्या बरंच अलीकडे हलके दाबून रिम कोरडी करून घ्या. आणि उतारभर ब्रेक दाबून धरू नका. दाबा, सोडा, दाबा. पावसाळ्यातली बारीक कच ब्रेकपॅड किती खाते ते मागच्या वर्षी कळलं. जूनमध्ये नवे घातलेले पॅड गणपतीपर्यंत लोखंडाला टेकले होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फरशी पूल. फरशीवरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं असलं तरी उतरू नका. वर डोंगरात पडलेला पाऊस आपल्याला दिसत नाही, पाणी दहा मिनिटांत कमरेएवढं होतं. खाली शेवाळ असतं, चाक आडवं जातं. थांबा, चहा प्या, पाणी ओसरतं.

गोदाकाठ · २५ ऑगस्ट, रात्री ८:३०

मनापासून एक विनंती करतो. रस्त्यांची नावं इतकी उघड लिहू नका.

मी पहिन्याचा रस्ता पंधरा वर्षांपासून चालवतोय. पेगलवाडी फाट्यावरून घोटीकडे वळलं की एका हाताला अंजनेरी, दुसऱ्या हाताला ब्रह्मगिरी, आणि मध्ये तो अरुंद हिरवा पट्टा. पूर्वी जुलैत तिथे फक्त पाण्याचा आवाज असायचा. मग कुणीतरी व्हिडिओ टाकले. आता पावसाळ्यातल्या रविवारी दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, दारं उघडी, गाणी मोठ्याने. रस्त्यावर बाटल्यांच्या काचा. गेल्या वर्षी माझे एका दिवसात दोन ट्यूब फाटले. आवणीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या चिखलात लोक फोटोसाठी उतरतात, रोपं तुडवतात. आवण म्हणजे काय हे त्यांना माहीत नसतं, पण ज्याचं शेत आहे त्याच्या तोंडचा घास जातो. शांत जागेचं नाव सांगितलं की ती शांत राहत नाही, हे डोळ्यांनी पाहिलंय.

गिरणारेकर · २५ ऑगस्ट, रात्री ९:१०

गोदाकाठ दादा, तुमचं दुःख समजतं, आवण तुडवलेली मीही पाहिलीय. पण गावाच्या बाजूनेही बघा. त्याच रस्त्यावर माझी एक मावसबहीण रविवारी मक्याची कणसं आणि भजी विकते. त्या आठ-दहा रविवारांच्या पैशांतून पोराची वर्षाची फी निघते. गावाला माणसं नकोत असं नाही, दारू आणि काचा नकोत. सायकलवाला थांबतो, चहा घेतो, नाव विचारतो. तुमच्यासारखे दहा आले तर कुणाचं काही बिघडत नाही.

आणि हे रस्ते कुणी शोधून काढलेले नाहीत. आमची माणसं त्यावरून रोज बाजाराला जातात.

गोदाकाठ · २५ ऑगस्ट, रात्री ९:२५

हे मान्य. मग एवढं तरी लिहू या की शनिवार-रविवार नको. आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकच्या बाजूला सायकल नकोच, ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखो माणसं चालत असतात, रस्ता त्यांचा असतो. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेलाही तेच. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे नाशिक-त्र्यंबक रोडवर डंपरही वाढलेत, तेवढा तुकडा भल्या पहाटे नाहीतर सरळ गाडीवर सायकल टाकून करावा.

घाटमाथा · २६ ऑगस्ट, सकाळी ७:००

दोन दिवसांचं विचारलं होतं, ते राहिलं. मी सांगतोय त्यात परतीचा तिसरा दिवस धरा.

पहिल्या दिवशी पेगलवाडी फाटा, पहिने, वैतरणेच्या जलाशयाच्या कडेने घोटी. वैतरणाही त्र्यंबकच्या डोंगरातच उगवते, ब्रह्मगिरीच्या पलीकडच्या अंगाला. गोदावरी पूर्वेला जाते, ही पश्चिमेला, आणि अप्पर वैतरणाचं पाणी मुंबईच्या नळापर्यंत पोचतं. जलाशयाजवळचा माळ सप्टेंबरात पाहण्यासारखा असतो. सोनकी, तेरडा, कवला. पिवळ्या-गुलाबी रंगाचे पट्टे रस्त्यापासून पाण्यापर्यंत. कोकणात याला सडा म्हणतात, आपल्याकडे माळच. पुस्तकात पठार लिहितात, पण पठार म्हटलं की मला शाळेचा नकाशा आठवतो. माळ म्हटलं की वारा लागतो.

घोटीला मुंबई हायवे ओलांडायचा आहे. तिथे उतरून चालत ओलांडा. मग बारी, म्हणजे कळसूबाईचा पायथा. १६४६ मीटरचं महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर तुमच्या बाजूला उभं असतं. पुढे शेंडी, भंडारदरा. नाशिकहून नव्वदच्या आसपास. मुक्काम शेंडीत.

दुसऱ्या दिवशी ओझं खोलीवर ठेवून धरणाला फेरी. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पुरं झालं. शेंडी, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी, परत शेंडी. घाटघरला जमीन संपते आणि खाली कोकण दिसतं. साम्रदजवळ सांदण दरी आहे, खडकाला पडलेली चीर. पावसाळ्यात तिच्यात उतरायचं नाही, वरूनच बघायची. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ. सांदण बघत बसलात तर दिवस पुरतो, नाहीतर संध्याकाळी रंधा धबधब्यापर्यंत जाऊन या. प्रवरा तिथे सुमारे १७० फूट खाली पडते आणि पुढे घळीतून वाहते. तुम्हाला घळ हवी होती ना, हीच ती. तिसऱ्या दिवशी आल्या वाटेने परत.

नवखी · २६ ऑगस्ट, सकाळी ११:२०

फार सुंदर धागा, वाचनखूण साठवली. एक प्रश्न. मी एकटी चालवते, आत्तापर्यंत अंजनेरीच्या पुढे गेलेले नाही. वाघेऱ्याकडे एकटीने जाणं ठीक आहे का?

पहाटवारा · २६ ऑगस्ट, दुपारी ३:४५

मी जाते, चार वर्षं. पहिल्यांदा कुणाबरोबर तरी जा, रस्ता एकदा डोळ्यांखालून गेला की निम्मी भीती जाते. अंधारात निघू नकोस, उजाडताना निघ. घाटाच्या पलीकडे बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे हरसूलला किती वाजता पोचेन ते घरी सांगून ठेव आणि पोचल्यावर फोन कर. टॉयलेटची अडचण खरी आहे. मी पाड्यावरच्या घरी सरळ विचारते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट बसवून पाणी दिलंय. एकदा एका मावशीने माझे बूट भिजलेले पाहून चुलीजवळ ठेवायला लावले आणि तोपर्यंत नागलीची भाकरी खायला घातली. पैसे घेतले नाहीत. पुढच्या वेळी मी तिच्या नातीसाठी वह्या घेऊन गेले.

अंजनेरीचं नाव घेतलंस म्हणून सांगते. त्या डोंगरावर कंदीलपुष्पाची एक जात सापडते, सेरोपेजिया अंजनेरिका, अंजनेरीवरूनच नाव मिळालेली. आणि कड्यावर गिधाडं आहेत. तळवाड्याच्या बाजूने जाताना मान वर करत जा.

दूरदेशी · २७ ऑगस्ट, पहाटे २:३०

मूळची नाशिक रोडची, आता फ्रान्समध्ये लिओंला असते. गिधाडांचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

इथून दक्षिणेला तार्न नावाची नदी आहे. तिची घळ पन्नास किलोमीटरहून लांब आणि ४०० ते ६०० मीटर खोल. तिथे मात्र रस्ता घळीतूनच जातो, नदीला धरून, मध्ये मध्ये खडकात कोरलेले बोगदे. घाटमाथांनी आपल्याकडे तसं का नाही ते लिहिलं, ते वाचून मला तिथलं चित्र पहिल्यांदा नीट कळलं. घळीतून चढून वर गेलं की कॉस मेजाँ नावाचा माळ लागतो, हजारेक मीटर उंचीचा. झाड नाही, घर नाही, मेंढ्या आणि वारा. दगड चुनखडीचा, त्यामुळे पाऊस पडला तरी पाणी वर थांबत नाही, आत मुरतं आणि खाली घळीच्या भिंतीतून झऱ्यांनी बाहेर येतं. मेंढ्यांना पाणी मिळावं म्हणून धनगरांनी दगडांनी बांधलेली गोल तळी आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात माळावर पाऊल टाकू तिथे पाणी, आणि तिकडे हिरव्या माळावर सायकलवाला तहानलेला. मी तीन बाटल्या घेऊन जाते.

शेजारच्या जोंत नदीच्या घळीत गिधाडं पूर्ण संपली होती. १९८१ पासून ती पुन्हा सोडायला सुरुवात झाली, आणि आता चढ चढताना ती आपल्या उंचीवर घिरट्या घालतात. पंखांचा आवाज ऐकू येतो. मला दर वेळी अंजनेरी आठवते. आपल्याकडे जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडं मेली, २००६ मध्ये त्यावर बंदी आली. अंजनेरीची टिकली याचा मला फार आनंद आहे.

तार्नलाही जुलै-ऑगस्टात गाड्यांची रांग असते. तिथले सायकलवाले मे-जून किंवा सप्टेंबरात जातात, मधल्या वारी. तेव्हा गोदाकाठ म्हणतात ते सगळीकडचंच आहे. एक फरक मात्र जाणवतो. कॉसवर मी चार चार तास माणूस न बघता चालवलंय. शांत होतं, पण शेवटी शेवटी पोटात खड्डा पडला. हरसूलच्या रस्त्यावर असं होत नाही. कुणीतरी डोक्यावर मोळी घेऊन येतंच आणि 'कुठं चालली?' विचारतंच. मला ती शांतता जास्त आवडते.

गिरणारेकर · २७ ऑगस्ट, सकाळी ६:१०

ताई, फार छान लिहिलंत. गणपती बाप्पा मोरया सगळ्यांना.

वाटसरू · १० सप्टेंबर, रात्री ८:५५

मंडळी, काल मंगळवारी जाऊन आलो. सगळ्यांचं ऋण आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पाच वाजता निघालो. गिरणारे सहाच्या आत ओलांडलं, नाक्यावर नुकते दोन-तीन मजूर येऊन बसले होते. पुढे धुकं. वाघेऱ्याच्या घाटात मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि तो शेवटपर्यंत बदलला नाही. धुक्यात पुढचं वळण दिसत नव्हतं, त्यामुळे किती चढ उरलाय याचा विचारही आला नाही. चेनचा आवाज, श्वास, आणि कड्यावरून गळणारं पाणी. अर्ध्या घाटात लक्षात आलं की खांदे सैल आहेत. मार्चपासून पहिल्यांदा.

माथ्यावर थांबलो. घाटमाथा, तुम्ही सांगितलं होतं म्हणून दोन्ही बाजूंचे चर बघितले. पूर्वेच्या चरातलं पाणी लालसर होतं, पश्चिमेच्या चरात स्वच्छ. आधीच्या पावसाचा फरक असेल. बाटलीतलं थोडं पाणी एका बाजूला ओतलं, थोडं दुसऱ्या. का केलं ते सांगता येणार नाही.

उतारावर हरसूलच्या अलीकडे मागचं टायर बसलं. काढून बघितलं तर नुसतं ट्यूबला भोक नव्हतं, टायरलाही बाजूने चीर गेली होती, करंगळीच्या पेराएवढी. दगडाची कड लागली असणार. नवी ट्यूब घातली तरी त्या चिरेतून फुग्यासारखी बाहेर आली असती. पॅच लावून उपयोग नव्हता. दहा रुपयांची नोट घडी करून आतून लावतात हे ऐकून होतो, पण नोटा ओल्या लगदा झालेल्या.

तेवढ्यात खाचराच्या बांधावरून एक म्हातारबा आले. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, हातात विळा. काय झालं विचारलं. टायर हातात घेतलं, चिरेतून बोट घालून बघितलं, काही न बोलता डोक्यावरची खोळ काढली आणि विळ्याने तिचा कोपरा कापला. तीन बोटं रुंद तुकडा. तो दुमडून दुहेरी केला आणि म्हणाले, 'हे आतून लाव. गोणी फाटत नाही, पन्नास किलो धरते.' वर पाऊस पडत होता आणि खोळीच्या कापलेल्या कोपऱ्यातून त्यांच्या मानेवर पाणी गळत होतं. मी माझी टोपी पुढे केली. घेतली नाही. म्हणाले, भात पोटरीवर आलंय, आता पाऊस लागतोच, भिजायला काय झालं.

तो तुकडा आतून लावला, ट्यूब बसवली, हवा निम्मीच भरली. तसाच हरसूल, तिथून त्र्यंबक. वाटेत खुरासणीला पहिली फुलं आलेली. संपूर्ण शेत अजून हिरवं आणि मध्ये मध्ये एखादंच पिवळं फूल, दिवसा कुणीतरी दिवा लावून ठेवल्यासारखं. हरसूल ते त्र्यंबक मला एक एसटी, एक ट्रॅक्टर आणि दोन मोटारसायकली भेटल्या. एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता मागे थांबून, वळण संपल्यावर ओलांडलं आणि हात केला.

त्र्यंबकहून नाशिक मात्र सायकल चालवली नाही. मुलाला गाडी घेऊन बोलावलं. डंपर दिसले आणि मी ठरवलं की आजचा दिवस असाच ठेवायचा.

रँडो_६०० · १० सप्टेंबर, रात्री ९:२०

काका, योग्य केलंत. टायर मात्र बदला. गोणीचा तुकडा घरी पोचवतो, त्यावर पुन्हा घाट उतरायचा नाही. आणि ती कल्पना मी उचलली. आत्ताच खताच्या गोणीचे चार तुकडे कापून किटमध्ये टाकले.

वाटसरू · १० सप्टेंबर, रात्री ९:३५

टायर आज बदललं. तुकडा जपून ठेवलाय. म्हातारबांना नवी गोणी, नाही, चांगलं इरलं किंवा रेनकोट द्यायचा आहे. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. पाड्याचं नाव माहीत आहे. गिरणारेकर, तुम्ही बरोबर याल का?

गिरणारेकर · १० सप्टेंबर, रात्री १०:००

येतो. इरलं आता करणारी माणसं कमी राहिलीत, पण आमच्याकडे एक आजी अजून विणतात, त्यांना उद्या विचारतो. रविवार नको, टोमॅटोची तोडणी आहे. १६ तारखेला मंगळवारी, सहा वाजता नाक्यावर.

नवखी · १० सप्टेंबर, रात्री १०:१२

मीही आले तर चालेल का?

गिरणारेकर · १० सप्टेंबर, रात्री १०:१५

या ताई. पाण्याची एकच बाटली आणा, पुढे आमच्या विहिरीवर भरून घेऊ.